अकरा सेकंद

हॉलची किल्ली माझ्याकडे,
म्हणून झाडूही माझ्याच हातात आला.
छपरावरची तबकडी दुपारपासून पांढरी,
पाऊस पडत होता
आणि पडल्या जागी त्याची काच होत होती.

गॅनेट कोव्हची वस्ती एकशे बारा.
त्यातले नव्वद तरी आत,
ओल्या लोकरीचा वास, तळलेल्या कॉडचा वास,
आणि पुढच्या रांगेत ड्रूसिला पार्डी,
जी पोराच्या एकाही सामन्याला कधी बसली नव्हती.
मासळीच्या कारखान्यात मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायची.
आज नवा स्वेटर. बगलेत किमतीची चिठ्ठी लोंबत होती.
कुणी सांगितलं नाही.

एल्डनला बोलावणं आदल्या दिवशी आलेलं,
मोठ्या संघातल्या कुणाचा तरी गुडघा गेला म्हणून.
"त्याचा गुडघा, आपलं नशीब,"
हेडली ब्लॅगडन म्हणाला,
आणि खरं सांगते, कुणालाच वाईट वाटलं नाही.

पहिला भाग तो बाकावरच होता.
दोनदा दिसला, एकदा पाणी पिताना.
नव्वद माणसांनी पाणी पिण्याला टाळ्या वाजवल्या.

मग चित्राचे चौकोन व्हायला लागले.

मी शिडीवर. एका हातात झाडू, एका हातात किटली.
उकळतं पाणी ओतलं
तर तबकडीवर आणखी एक थर चढला, गुळगुळीत, नवाकोरा.
मग झाडूच्या दांड्यानं ठोकत बसले.
खालून ओरडा: "आला! आला!
गेला.
व्हेरा, जरा डावीकडे!"
जशी काही मीच तो सामना खेळत होते.

आणि वरून मला दिसलं,
खाडीपलीकडे आधी चर्च विझलं,
मग कारखाना,
मग राइडआउटांचं घर, मग त्यांच्या शेजारचं,
सावकाश, क्रमानं,
आमच्याकडे येत.
ओरडावंसं वाटलं. काय ओरडणार?

खाली उतरले तर अंधारात भांडण पेटलेलं.
शेवटच्या चित्रात बर्फावर उतरला तो सतरा नंबर की अकरा?
ऐन पाठीवरच चौकोन फुटला होता.
हेडली म्हणे सतरा, शपथेवर सतरा.
त्याची बायको म्हणे, तुला घरचं घड्याळ दिसत नाही.
ड्रूसिला काही बोलली नाही.
टीव्ही जिथं होता तिकडे तोंड करून बसून राहिली.

घरी कुणी गेलं नाही. रस्त्यावर पाऊल ठरत नव्हतं.
गॅसवर चहा झाला, पोरं कोटांच्या ढिगावर झोपली,
आणि कुणीतरी खिडकीकडे बॅटरी धरली,
त्या एका तावदानाकडे, जिथं नऊ वर्षं प्लायवूड आहे.
एल्डनचा फटका. तेव्हा तो दहाचा असेल.
हसलो सगळे.
"पैसे मी भरले होते," ड्रूसिला अंधारातून म्हणाली,
"काच कुणी बसवली नाही."
किल्ली माझ्याकडे असते, हे सगळ्यांना एकदमच आठवलं.

चौथ्या दिवशी लाईट आली.
वर्तमानपत्र फेरीबोटीबरोबर, त्याच्याही नंतर.
चार-दोन असे हरले होते. एल्डनचं नाव कुठंच नव्हतं,
अगदी बारीक अक्षरांतही नाही.

फोन हॉलवर आला, पार्डींची तार अजून पडलेलीच होती.
ती धावत आली. आम्ही भांडी विसळायच्या निमित्तानं थांबलो.
त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.
"आई, अकरा सेकंद होतो! दिसलो का?"

तिनं आमच्याकडे पाहिलं.
हेडलीकडे जरा जास्त.
"दिसलास की. सगळ्यांनी पाहिलं."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग, बारीक आवाजात:
"पडलो, तेपण?"

"ते नाही," ती म्हणाली.
"तेवढ्यात लाईट गेली."

त्याच दुपारी मी टेप घेऊन
खिडकीचं माप घेतलं.